खुर्चीखालचं अक्षर

माझ्या घरात नऊ खुर्च्या आहेत आणि बसायला जागा नाही. चंदीगडात बुडैलला दोन खोल्या. एकीत मी, बायको आणि मुलगी, दुसरीत खुर्च्या. कूलर खुर्च्यांच्या खोलीत, कारण इथल्या उन्हाळ्यात वेत तडकतो. आम्ही तडकलो तर चालतंय. पाहुणा आला की बायको दारातच सांगते, "खाली बसा हो, त्या बसायच्या खुर्च्या नाहीत." पाहुणा विचारतो, मग कशाच्या? ती म्हणते, "यांच्या डोक्यावर बसायच्या."

या खुर्च्या म्हणजे चंदीगडच्या खुर्च्या. शहर बांधायला परदेशातून साहेब लोक आले, तेव्हा कचेऱ्या झाल्या, कॉलेजं झाली, हॉस्टेलं झाली, पण बसायला काही नव्हतं. म्हणून त्यांनीच खुर्च्या पण काढल्या. जाड सागवान, वेताची बैठक, आणि पाय असे, की कंपासपेटीतलं कर्कटक उघडून उभं केलंय. कारकून बसले, प्रोफेसर बसले, पट्टेवाले तंबाखू मळत बसले. पुढं प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि या गच्चीवर गेल्या. पावसात भिजल्या, काही जळणात गेल्या, उरलेल्या नीलामीत कंडम माल म्हणून ढिगानं गेल्या. आणि मग कळलं, की परदेशात याच खुर्च्या लोक काचेच्या घरात ठेवतात आणि लांबून बघतात. माझ्या बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुम्हीच एकटे वेडे नाही, एवढंच समाधान."

खुर्चीच्या मागच्या पट्टीवर रंगानं नंबर घातलेला असतो. कुठल्या खात्याची, कितवी, सगळं त्यात. तो नंबर म्हणजे खुर्चीचं कूळ. असला तर खुर्ची खानदानी, नसला तर नुसतं लाकूड. माझ्या नऊपैकी पाच खानदानी आहेत. एक मुलींच्या हॉस्टेलची, तिच्या हातावर कुणीतरी कर्कटकाच्या टोकानं बदाम कोरलाय आणि त्यातलं एक नाव नंतर खोडलंय. एक कोर्टाची, तिचे हात पुढच्या बाजूला झिजलेत, किती माणसं तारीख ऐकताना घट्ट धरून बसली असतील. उरलेल्या चार टकल्या. त्यांचे नंबर कुणी काढले ते पुढं सांगतो. अंदाज केला असेल तर बरोबरच आहे.

मी मूळचा सांगलीकडचा. शाळा चौथीपर्यंत, चौथी दोनदा. मावसभाऊ फौजेत होता, त्याची बदली इकडं झाली, त्याच्या मागं मी आलो भरती व्हायला. छाती मोजणारा म्हणाला, "फुलाओ." मी फुगवली. तो म्हणाला, "अरे, फुलाओ ना." मी म्हणलं, "साहब, फुलाई हुई है." मागची सगळी रांग हसली आणि माझी फौज तिथंच संपली. गावी जायला तोंड नव्हतं, म्हणून इंडस्ट्रियल एरियात एका सरदारजींच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये पॉलिशला लागलो. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. माझी भरतीची गोष्ट मीच त्यांना पहिल्या दिवशी सांगितली, त्यामुळं त्या दिवसापासून ते मला फौजी म्हणायला लागले.

एकदा उस्तादांनी एका कॉलेजच्या नीलामीतला माल उचलला. खुर्च्यांचा डोंगर. त्यातली एक घासताना आतनं असं सागवान निघालं, काकवीच्या रंगाचं, की हात ठेवला तो उचलवेना. उस्तादांना म्हणलं, "दिवाळीला मला कपडे नकोत, ही द्या."

"ओए फौजी, तेरे घर तो चारपाई भी नहीं."

"जी, इसीलिए तो कुर्सी चाहिए."

तिथनं लागलं वेड. वर्षा-दोन वर्षातनं एक, कधी कबाड्याकडनं भंगारात, कधी कुठल्या तरी कचेरीच्या मागनं, कागदावर सही-शिक्का घेऊनच. सही मी करतो, चौथीतली.

आता आमच्या कामाची रीत ऐका, कारण सगळं तिथं अडलंय. पॉलिशवाल्यानं आधी लाकूड उघडं करायचं. लाकडाचं जे नाही ते सगळं काढायचं. जुना रंग, शाईचे डाग, तेलकट हात, सुतारानं खालच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली मापं, आणि हो, तो नंबर. पहिला ऐंशीचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, मग चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा हात. उस्ताद डोळे मिटून अंगठा फिरवायचे. अंगठ्याला काही लागलं की "ओए फौजी!" आणि परत पहिल्यापासून. बाकीचे कारागीर खालची बाजू तशीच सोडायचे, कोण उलटं करून बघतंय म्हणून. मी नाही सोडली. मला वाटायचं, शिक्षण नाही, छाती नाही, निदान खुर्चीची खालची बाजू तरी स्वच्छ असू दे. असे कितीतरी खुर्च्यांचे नंबर मी काढले. मुळापासून.

एक दिवस एक परदेशी माणूस वर्कशॉपमध्ये आला. खुर्ची उलटी केली, सुलटी केली, गुडघ्यावर बसून नंबर शोधायला लागला. मी पुढं झालो, म्हणलं, "साहब, मैंने साफ किया. पूरा." त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं, खूश झाला.

त्यानंतर मी नंबरावर कागद चिकटवून घासायला शिकलो. पण पेन्सिलीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. पेन्सिल मी घासतच राहिलो.

बाईंची ओळख झाली ती शिवीवरनं. त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलाला पॉलिश करत होतो. जुन्या सेक्टरातलं घर, बाहेर आंबा, आत ऐंशीच्या पुढच्या एकट्या बाई. युनिव्हर्सिटीत शिकवून निवृत्त झालेल्या. स्पिरिटची बाटली माझ्या हातनं पडली आणि तोंडातनं जे निघालं ते निघालं. बाई आतनं काठी टेकत आल्या.

"तू सांगलीकडचा का रे?"

"शिवीवरनं ओळखलं का, बाई?"

"शिवीवरनंच. माझं माहेर मिरज. ही शिवी मी पन्नास वर्षांत ऐकली नव्हती. चहा घेणार?"

मग मी त्यांच्याकडं जायला लागलो. टेबल संपलं, कपाट निघालं, कपाट संपलं, देव्हारा निघाला. लाकूड संपलं तरी जायचो. इथं मराठी लोक आहेत, डॉक्टर आहेत, फौजेतले साहेब आहेत, गणपतीला भेटतात, पण ते माझ्याशी हिंदीत बोलतात. मी मराठीत उत्तर दिलं की म्हणतात, अरे वा! माझी मुलगीच मला "पापा, क्या यार" म्हणते. बाईंशी मात्र मी नुसता बडबडायचो. माझे सगळे फजितीचे किस्से त्यांनी ऐकले. छातीचा तर चार वेळा सांगायला लावला, पाहुण्यांसमोर. हसता हसता त्यांना ठसका लागायचा आणि मी पाणी आणायला पळायचो. मला वाटायचं, चला, कुठंतरी उपयोग आहे आपला.

माझ्या घरी नऊ खुर्च्या आहेत हे कळलं तेव्हा बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला त्यांच्या खुर्चीची गोष्ट सांगितली.

त्यांचे यजमान नकाशे काढणारे होते. शहर उभं राहत होतं तेव्हा त्या मोठ्या ऑफिसात साहेबांच्या हाताखाली. खुर्चीचा पहिला नमुना तयार झाला तेव्हा बाई नव्यानंच इथं आलेल्या, पोटात पहिली मुलगी, आणि कंबर इतकी दुखायची की कुठं टेकता येत नव्हतं. यजमानांनी एका रविवारी त्यांना नमुना दाखवायला नेलं. बाई बसल्या आणि म्हणाल्या, पाठ फार ताठ आहे हो, टोचते. यजमानांनी पुढच्या रविवारी परत नेलं. पाठ मागं कलती केली होती. बाई बसल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. मग यजमानांनी खुर्ची उलटी करून दाखवली. सीटखालच्या आडव्या पट्टीवर मिस्त्रीसाठी इंग्रजीत मापं लिहिली होती, आणि त्याखाली पेन्सिलीनं एक ओळ मराठीत.

"काय लिहिलं होतं?"

"ते तुला काय करायचंय?" बाई लाजल्या. ऐंशीच्या पुढच्या बाई लाजल्या की काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी चहात बघत बसलो.

पुढं तो नमुना ऑफिसात गेला, त्यावरनं बाकीच्या झाल्या, आणि नमुनाही ढिगात मिसळून गेला. यजमान वारले. आता जुन्या फर्निचरची यादी करणारी कुठलीशी कमिटी होती, त्यांच्याकडनं एक पोरगी बाईंना भेटून गेली. तिनं सगळं ऐकलं, डोळ्यात पाणी आणलं, आणि म्हणाली, "आंटी, बहुत प्यारी स्टोरी है. बस कुछ लिखा हुआ मिल जाता..."

"तिचं चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या लेकीचं ऐक. ती पुण्याहून फोनवर म्हणते, आई, बाबांनी तुला खूश करायला सांगितलं असेल. खुर्ची बदलायला ते कोण होते? साधे ड्राफ्ट्समन." बाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे साठ वर्षं मी थापेवर खूश होते."

मी म्हणलं, "बाई, मी मानतो."

"तू मानून काय होतंय? तू खुर्च्या उलट्या करत फिरतोस. मराठी अक्षर दिसलं की मला सांग. इथले सगळे मिस्त्री पंजाबी, मराठी दिसलं म्हणजे तेच. मला कुणाला काही सिद्ध नाही करायचं. लेकीला एक फोटो पाठवायचाय, बस."

दोन वर्षं मी ते अक्षर शोधलं. रविवार आला की निघायचो. सेक्टर चौतीसला एका कोचिंग क्लासच्या तळघरात जुन्या खुर्च्या आहेत म्हणून कळलं. पोरं पेपर सोडवत होती आणि मी खालनं टॉर्च घेऊन सरपटत होतो. वॉचमननं पाय धरून मला ओढून काढलं. त्याला वाटलं मी खालनं उत्तरं पुरवतोय. मी म्हणलं, "भाईसाहब, मैं चौथी फेल हूँ, मुझसे कौन पूछेगा?" त्यालाही पटलं. पटलं याचंच वाईट वाटलं.

डेराबस्सीच्या एका औषधाच्या कारखान्यानं फार पूर्वी कॅन्टीनसाठी असा माल घेतला होता. तिथं गेलो तर गेटवरचा गार्डच असल्या खुर्चीवर बसलेला.

"भाईसाहब, ज़रा उठोगे? नीचे देखना है."

"नीचे क्या है?"

"मराठी."

तो माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "नीचे तो मैं हूँ, बिहार का." उठला मात्र. खाली मराठी नव्हतं, च्युइंगम होतं. पुढची शेड मला उघडून दाखवली, मागची म्हणाला पुढच्या वेळी, किल्ली सुपरवायझरकडं आहे.

दर वेळी परत आलो की बाई विचारायच्या, "मिळालं?" मी झालेली फजिती सांगायचो, त्या हसायच्या, वेलदोड्याचा चहा व्हायचा. खरं सांगतो, कधीकधी मी म्हणायचो, आपण इतक्या वर्षांत किती पेन्सिल घासली. पण लगेच म्हणायचो, इतक्या हजार खुर्च्यांतली तीच आपल्या हाताखाली कशाला येईल? आपलं नशीब एवढं मोठं कुठलं. मला वाटायचं, मोठं नशीब म्हणजे चांगलंच असतं.

या वर्षी फेब्रुवारीत लेकीनं ठरवलं, आईला आता एकटं ठेवायचं नाही. घर द्यायचं, आईला पुण्याला न्यायचं. मी सामान बांधायला गेलो होतो. बाई पुस्तकांच्या खोक्यावर बसल्या होत्या.

"तुला ते शब्द सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "मी इथं नसेन. कुणीतरी काहीतरी दाखवेल आणि तू फसशील."

मी सुतळी बांधत होतो.

"पाठ दोन बोटं मागं. हिच्या कंबरेसाठी."

त्या म्हणाल्या आणि खिडकीकडं बघायला लागल्या. बरं झालं, माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

कारण कंबर मी वाचली होती.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. वर्कशॉपमध्ये खुर्ची उलटी टाकलेली, ऐंशीचा पेपर माझ्या हातात. खालच्या पट्टीवर बारीक पेन्सिल. बाकीचे मिस्त्री लिहितात ते कोंबडीनं माती उकरल्यासारखं, पण हे छापल्यासारखं सरळ, एकसारखं. मी थांबलो होतो. मला वाचायला वेळ लागतो, पण गंमत म्हणून एक शब्द लावला. कं, ब, र. मला वाटलं, मिस्त्रीनं हिंदीतली कमरच चुकीची लिहिलीय. आणि ओरडलो, "उस्ताद जी, मिस्त्री की कमर दुखती थी! कुर्सी के नीचे शिकायत लिख गया है!" सगळे हसले. उस्तादही हसले. मी सगळ्यांना हसवलं म्हणून मी खूश. बाकीचं वाचायला कंटाळा आला. आधी आडवा हात मारला, मग उभा, मग फुंकर. उस्तादांनी अंगठा फिरवला, काही लागलं नाही, म्हणाले, "शाबाश, फौजी." तीस वर्षांत ते दोनदाच शाबाश म्हणाले, त्यातलं हे एक.

आणि लाकूड आवडलं म्हणून तीच खुर्ची मी घरी आणली. चार टकल्यांतली एक.

घरी आलो. खुर्ची उलटी केली. टॉर्च सरळ मारला, तिरका मारला, पट्टीला गाल लावून बघितलं. पेन्सिल दाबून लिहिली असेल तर लाकडात खाच राहते, तिरक्या उजेडात दिसते. काही नव्हतं. आरशासारखं. नंतरच्या खुर्च्यांत मी कुठं कुठं कंटाळा केलाय, मला माहीत आहे. यात नाही केला. माझ्या हातचं इतकं चांगलं काम दुसरं नाही.

बायको दारात उभी होती. "काय शोधताय?"

मी सांगितलं. ती आत आली, खाली बसली, पट्टीवरनं तिनंही बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाईंना सांगायचं असेल तर उद्याच सांगा. परवा तुम्ही सांगणार नाही." ती माझी बायको आहे, तिला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी ई-रिक्षात खुर्ची घातली आणि गेलो. बाईंचं घर निम्मं रिकामं झालेलं, बोललं की आवाज घुमत होता. मी खुर्ची मधोमध ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कंबर वाचली, हसलो, घासली. सगळं.

बाई हसायला लागल्या.

"तू ना! जायच्या वेळी पण सोडणार नाहीस."

"बाई, खरं सांगतोय."

"मागच्या दिवाळीला काय सांगितलं होतंस? बायकोनं तुलाच नीलामीत काढलं आणि कबाड्यानं परत केलं."

"ती थाप होती, बाई. हे खरं आहे."

"आणि तो परदेशी? डोकं धरलं ते खूश होऊन?"

"ते पण खरं होतं."

"बघ!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुझं खरं कुठलं आणि थाप कुठली, तुला तरी कळतं का रे?"

जन्मभर मी स्वतःवरच्याच गोष्टी सांगत आलो. लोक हसतात, मग मारत नाहीत, एवढं मी लहानपणीच शिकलो होतो. त्या दिवशी मला बाईंनी मारायला पाहिजे होतं, आणि त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी कान धरले. गुडघ्यावर बसलो. त्यांना अजूनच हसू आलं. मी जितका खरा होत गेलो तितका नाटकी दिसायला लागलो.

शेवटी म्हणलं, "बाई, बसून बघा. एकदा बसा."

हसू थांबलं. त्या काठी टेकत आल्या, खुर्चीच्या हातांना धरून हळूहळू बसल्या, मागं टेकल्या. डोळे मिटले. मी श्वास धरून उभा. फुगवलेली छाती.

"ही नव्हे," त्या म्हणाल्या.

"हीच आहे, बाई."

"टोचते. त्या खुर्चीत मला बरं वाटलं होतं."

"बाई, तेव्हा तुम्ही विशीत होता. पाठ खुर्चीची तीच आहे, तुमची..."

त्यांनी डोळे उघडले होते. आता हसत नव्हत्या. इतकं सरळ त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

"म्हणजे तुझं म्हणणं," त्या म्हणाल्या, "ते अक्षर आता कुठंच नाही?"

बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी म्हणलं, "नाही, बाई. कुठंच नाही."

त्या बसूनच राहिल्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. मग उठल्या, मी आधार द्यायला गेलो तर नको म्हणाल्या. आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, भांडी बांधलेली होती, त्यातलं काहीतरी सोडवत होत्या. बराच वेळ गेला. चहा घेऊन आल्या, एकाच कपात. माझ्यासमोर ठेवला. आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या,

"डेराबस्सीची मागची शेड राहिलीय म्हणाला होतास ना?"

मी कप हातात घेतला.

"राहिलीय की नाही?"

"राहिलीय."

"मग ती आधी बघ. इकडं तिकडं फिरत बसू नकोस."

मी हो म्हणलं. चहा प्यालो. त्यात वेलदोडा नव्हता, वेलदोडे कुठल्या खोक्यात गेले ते त्यांना सापडलं नसेल. खुर्ची परत रिक्षात घातली. त्यांनी ती ठेवून जा म्हणलं नाही, मीही विचारलं नाही.

आता त्यांनी मानलं नाही, की मानलं आणि तरी तसं म्हणाल्या, हे मला सांगता येत नाही. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला कुठलं पाहिजे?" मला दोन्ही नको होतं.

त्या पुण्याला गेल्या त्या आठवड्यात मी अजून एक मूर्खपणा केला. मुलीच्या दप्तरातनं पेन्सिल घेतली. म्हणलं, शब्द मला माहीत आहेत, जागा माहीत आहे, एक फोटोच तर पाठवायचाय. आधी रद्दी कागदावर लिहून बघितलं. मुलगी खांद्यावरनं बघत होती. म्हणाली, "पापा, ये किसने लिखा? फर्स्ट क्लास के बच्चे ने?" मी म्हणलं, हो, त्यानंच. कागद चुलीत घातला. त्या माणसाचं अक्षर मी एकदाच बघितलंय, दोन मिनिटं, आणि ते कसं होतं हे बाई सोडल्या तर जगात फक्त मला माहीत आहे. पण काढता येत नाही.

एप्रिलमध्ये डेराबस्सीला गेलो. गार्डनं किल्ली आणून ठेवली होती. मागची शेड उघडली, पत्र्याखाली नुसता ताप, आणि खुर्च्या छतापर्यंत, एकात एक अडकलेल्या. एक एक ओढायची, उलटी करायची, टॉर्च मारायचा, बाजूला ठेवायची. काय सापडणार नाही ते मला माहीत होतं, तरी प्रत्येकीच्या खाली मी नीट बघत होतो. गार्ड दारात उभा राहून विचारायचा, "मिला?" मी म्हणायचो, "अभी नहीं."

रविवारी संध्याकाळी पुण्याहून फोन येतो. मागं नातवंडांचा गलका असतो, इंग्रजीत. बाईंचा आवाज आता लांबनं येतो, कधी कधी मला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक मारतात. पण ते विचारायचं विसरत नाहीत.

"मिळालं का रे?"

"अजून नाही, बाई. शेड मोठी आहे."

"किती राहिल्या?"

"पंधरा-वीस."

"बघ मग सावकाश."

शेडमध्ये त्या पंधरा-वीस अजून तशाच आहेत, मागच्या भिंतीला लागून. मी जातो, गार्डबरोबर चहा पितो, त्यांच्याकडं बघतो आणि परत येतो. उलट्या करत नाही.